हिरवें पाणी आणि काळा गाळ

गेल्या पावसाळ्यानंतर इयत्ता नववीच्या मुलांना घेऊन मी गांवाबाहेरच्या तळ्यावर गेलों होतों. पाण्यावर हिरव्या रंगाचा जाड थर पसरला होता. जणूं कोणी रंगाची बादलीच तेथें उपडी केली होती. एका मुलानें काठीनें तळ ढवळला, तोंच काळाकुट्ट गाळ वर आला आणि कुजक्या अंड्यासारखी दुर्गंधि सुटली. नाक दाबून त्यानें मला विचारिलें, "सर, या तळ्यांत येणारें गटार उद्यां बंद केलें, तर परवां पाणी स्वच्छ होईल काय?" बाकीचीं मुलें हंसलीं, परंतु प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. याच प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत कित्येक शास्त्रज्ञांचीं आयुष्यें खर्चीं पडलीं आहेत, आणि उत्तर चुकल्यामुळें मोठमोठ्या नगरांचे कष्ट वायां गेले आहेत. त्या दिवशीं मी त्याला एवढेंच सांगितलें कीं, उत्तर तुझ्या काठीच्या टोंकाला चिकटलेल्या गाळांत आहे. तें उत्तर सविस्तर देण्याचें वचन मी या लेखानें पुरें करीत आहें.

प्रथम तळें म्हणजे काय तें पाहूं. आपण त्याला पाण्याचा सांठा समजतों. परंतु खरोखर तें एक शेत आहे. शेतांत ज्वारी उगवते, तशा तळ्याच्या पाण्यांत डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पति उगवतात. त्या फार वाढल्या म्हणजे पाणी हिरवें दिसूं लागतें व आपण त्यांना शेवाळ म्हणतों. सूर्यप्रकाशाच्या साह्यानें त्या अन्न तयार करितात. त्यांवर पिसवांएवढे बारीक जलजीव जगतात. त्या जीवांवर लहान मासे, आणि लहान माशांवर मोठे मासे व बगळे. एका वर्षांत एखाद्या तळ्यांत अशा वनस्पतींची जेवढी वाढ होते, तिला त्या तळ्याची उत्पादकता म्हणतात. अगदीं कमी उत्पादकतेच्या तळ्याचें पाणी आरशासारखें निर्मळ असतें, पण त्यांत मासे थोडे. मध्यम उत्पादकतेचें तळें भोई मंडळींना सुखी करितें. परंतु उत्पादकता मर्यादेबाहेर गेली म्हणजे तेंच वैभव शाप होऊन बसतें. अतोनात वाढलेलें शेवाळ मरून तळाशीं जातें. तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु संपतो. आणि एखाद्या पहाटे सारे मासे पोटें वर करून तरंगतांना दिसतात.

मग ही उत्पादकता ठरवितें कोण? जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यानें एकोणिसाव्या शतकांत एक नियम प्रसिद्धीस आणिला. पिकाला लागणाऱ्या द्रव्यांपैकीं जें सर्वांत अपुरें असेल, तेंच पिकाची वाढ ठरवितें. लांकडी पिंपाच्या फळ्यांपैकीं एक आंखूड असली, तर बाकीच्या कितीहि उंच असोत, पाणी त्या आंखूड फळीपर्यंतच राहणार. गोड्या पाण्याच्या तळ्यांत ही आंखूड फळी बहुधा फॉस्फरसची असते. आपले शेतकरी खतांचीं नत्र, स्फुरद आणि पालाश अशीं तीन नांवें घेतात. त्यांतील स्फुरद तें हेंच, आणि पुढें मीहि त्याला त्याच नांवानें संबोधीन. इ. स. १६६९ मध्यें हांबुर्ग शहरांतील हेन्निग ब्रांड यानें मूत्र आटवून तें प्रथम वेगळें केलें. तो सोनें शोधीत होता. हातीं आला तो अंधारांत चमकणारा एक पदार्थ. मूत्रांत स्फुरद असतें ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

स्फुरदच अपुरें कां पडावें? सूक्ष्म जलवनस्पतींच्या शरीरांत स्फुरदाच्या एका परमाणूमागें नत्राचे सुमारें १६ आणि कर्बाचे सुमारें १०६ परमाणु असतात. रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवानें हें प्रमाण प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या तळ्यांत तें कमीअधिक होतें, इतकेंच. यावरून वाटेल कीं स्फुरद तर सर्वांत थोडें लागतें, मग अडचण कसली? परंतु कर्ब हवेंतून मिळतो. नत्रहि कांहीं जातींच्या नीलहरित शेवाळाला हवेंतून घेतां येतें. हवेच्या वायूंत स्फुरद मात्र नाहीं. तें खडकांतून, मातींतून, शेणखतांतून, मलमूत्रांतून वाहत येईल तेवढेंच. म्हणून जो कोणी तळ्यांत स्फुरद सोडतो, तो नकळत आंखूड फळीची उंची वाढवितो.

ही नुसती कल्पना नव्हे. ती डोळ्यांना दिसेल अशा रीतीनें सिद्ध झालेली आहे. कॅनडांतील आँटारिओ प्रांताच्या वायव्य भागांत १९६८ मध्यें कांहीं निर्जन तळीं केवळ प्रयोगासाठीं राखून ठेवण्यांत आलीं. त्या काळीं कपडे धुण्याच्या भुकटींत स्फुरद भरपूर असे, आणि तळीं हिरवीं होण्याचा दोष स्फुरदाचा कीं कर्बाचा, यावर मोठा वाद माजला होता. डेव्हिड शिंडलर व त्याचे सहकारी यांनीं १९७३ मध्यें २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या चिंचोळ्या कमरेवर एक जाड पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. दोन्हीं भागांत कर्ब व नत्र सारख्या प्रमाणांत घातलें. एकांत मात्र त्यांशिवाय स्फुरदहि घातलें. त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस विमानांतून छायाचित्र घेण्यांत आलें. स्फुरद घातलेला भाग हिरवागार, आणि पडद्यापलीकडचा भाग पूर्वीसारखाच काळसर निर्मळ! वादविवादानें जें पटलें नव्हतें तें एका चित्रानें पटविलें, व पुढें अनेक देशांत व प्रांतांत धुण्याच्या भुकटींतील स्फुरदावर निर्बंध आले.

प्रमाण किती सूक्ष्म आहे तेंहि पाहण्यासारखें आहे. एक हजार लिटर पाण्यांत सुमारें १० मिलिग्रॅमहून कमी स्फुरद असलें तर तळें सहसा निर्मळ राहतें. तेंच ३५ मिलिग्रॅमच्या वर गेलें म्हणजे तें अतिसुपीक तळ्यांत गणलें जातें. तांदळाच्या एका दाण्याचें वजन सुमारें २० मिलिग्रॅम भरतें. म्हणजे हजार लिटर पाण्यांत एक-दीड दाण्याएवढें स्फुरद अधिक पडलें, कीं निर्मळ तळें हिरवें होण्याच्या मार्गाला लागतें. एक किलोग्रॅम स्फुरदावर सुमारें ५०० किलोग्रॅम ओलें शेवाळ पोसलें जाऊं शकतें, असा हिशेब आहे. पाणी किती निर्मळ आहे हें मोजण्याचें साधन तर अगदीं सोपें आहे. अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरु-ज्योतिषानें १८६५ मध्यें पांढरी तबकडी समुद्रांत सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते तें मोजिलें. आजहि जगभर तळ्यांवर सेक्कीची तबकडी सोडतात. आपल्या शाळेंत ती पत्र्याची एक ताटली, थोडा रंग, एक वजन आणि खुणा केलेली दोरी यांपासून तयार होईल.

आतां गाळाकडे वळूं. ओढ्यानाल्यांनीं आलेलें स्फुरद पाण्यांत तसेंच राहत नाहीं. कांहीं मातीच्या कणांना चिकटून, कांहीं मेलेल्या शेवाळाबरोबर, तें तळाशीं बसतें. गाळ ही जणूं तळ्याची पेढी आहे. वर्षानुवर्षें तींत ठेव पडत राहते. पाण्यांतील सर्व स्फुरद एका पारड्यांत व गाळाच्या वरच्या थोड्या सेंटिमीटरांतील स्फुरद दुसऱ्या पारड्यांत घातलें, तर गाळाचें पारडें कित्येक पट जड भरूं शकतें. ही ठेव जोंवर पेढींत बंद आहे, तोंवर तळ्याला तिचा उपद्रव नाहीं. प्रश्न एवढाच, कीं पेढीची किल्ली कोणाजवळ आहे?

ती किल्ली लोह आणि प्राणवायु या दोघांजवळ आहे. लोखंडाला हवा व पाणी लागलें म्हणजे तांबूस गंज चढतो. गाळांतहि लोहाचा असाच गंज असतो, आणि त्याच्या अंगीं स्फुरद धरून ठेवण्याचा गुण आहे. प्राणवायु असेपर्यंत गाळाच्या पृष्ठभागावर या तपकिरी गंजाचा पातळ पापुद्रा राहतो व खालून वर येऊं पाहणाऱ्या स्फुरदाला तो अडवितो. परंतु प्राणवायु संपला म्हणजे गंजाचें रूप पालटतें. लोह पाण्यांत विरघळतें, आणि त्यानें धरून ठेविलेलें स्फुरद मोकळें होतें. पहारेकऱ्यानेंच शस्त्र टाकल्यावर तिजोरी कोण राखणार?

ही गोष्ट जर्मनीत आइनझेले यानें १९३६ च्या सुमारास मांडली, आणि इंग्लंडांत क्लिफर्ड मॉर्टिमर यानें १९४१ व १९४२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ती सविस्तर दाखविली. विंडरमिअर सरोवराच्या कांठीं रे कॅसल नांवाच्या वास्तूंत तेव्हां गोड्या पाण्याच्या जीवशास्त्राची प्रयोगशाळा होती. मॉर्टिमरनें तळ्यांतील गाळ व पाणी टाक्यांत भरलें; एकांत हवा खेळती ठेविली, दुसरींत हवा जाऊं दिली नाहीं. हवा मिळालेल्या टाकींतील गाळावर तपकिरी थर टिकला व पाण्यांत फारसा फरक पडला नाहीं. हवा तुटलेल्या टाकींत तो थर नाहींसा झाला आणि लोह, स्फुरद व अमोनिया हीं द्रव्यें पाण्यांत उतरलीं. जवळच्याच एस्थवेट तळ्यांत उन्हाळ्यामध्यें असेंच घडतें, हेंहि त्यानें मोजून दाखविलें. ऊन लागून वरचें पाणी हलकें होतें व खालच्या थंड, जड पाण्यावर झांकणासारखें बसतें. मग खालच्या पाण्याला हवा मिळत नाहीं. हिवाळ्याच्या तोंडीं वरचें पाणी थंड झालें कीं झांकण निघतें, दोन्हीं थर मिसळतात, आणि तळाशीं सुटलेल्या स्फुरदाचा बराचसा भाग लोहाबरोबर पुन्हां गाळांत बसतो. कांहीं मात्र शेवाळाच्या वांट्याला येतो.

या प्रयोगाची लहानशी नक्कल आपण घरीं करूं शकूं. दोन मोठ्या काचेच्या बरण्या घ्याव्या. दोहोंत तळ्यांतील सारखाच गाळ व वर सारखेंच पाणी घालावें. एका बरणींत माशांच्या पेटीला लावतात तसल्या लहान पंपानें हवा सोडावी; दुसरी कांठोकांठ भरून घट्ट झांकावी. दोन्हीं अंधारांत ठेवाव्या. कांहीं आठवड्यांनीं पहिल्या बरणींतील गाळाचें तोंड तपकिरी राहिलेलें दिसेल व दुसरींतील काळें पडलेलें दिसेल. दुसरी बरणी वडील माणसांच्या देखत, घराबाहेर उघडावी आणि हात साबणानें धुवावे. त्या मुलाच्या काठीला लागलेला काळा रंग व ती दुर्गंधि कोठून आली, तें त्या वेळीं आपोआप समजेल.

आतां दुष्टचक्र कसें सुरू होतें तें पाहा. गटारांतून स्फुरद आलें, म्हणून शेवाळ वाढलें. शेवाळ मेलें, तळाशीं कुजलें, प्राणवायु संपला. प्राणवायु संपला म्हणून गाळानें जुनें स्फुरद सोडलें. त्या स्फुरदावर पुन्हां शेवाळ वाढलें. या टप्प्यावर बाहेरचें गटार बंद केलें तरी आंतलें गटार चालूच राहतें. उथळ तळ्यांत तर वारा गाळ ढवळतो, उष्णतेनें कुजण्याचा वेग वाढतो, आणि हा व्यवहार एका ऋतूपुरता न राहतां वारंवार होऊं शकतो.

येथें एक चूक टाळली पाहिजे. गाळांत स्फुरद पुष्कळ, म्हणून तळें सुपीक, असा सरळ नियम नाहीं. खडकांतील खनिजाच्या रूपानें चुन्याशीं घट्ट बांधलेलें स्फुरद शतकानुशतकें जागचें हलत नाहीं. अॅल्युमिनिअमनें धरलेलें स्फुरद प्राणवायु संपला तरी सहसा सुटत नाहीं. लोहानें धरलेलें आणि कुजणाऱ्या पदार्थांतील स्फुरद तेवढें चंचल. शिवाय काळ्या गाळांतील गंधकानें लोहालाच गांठलें, तर स्फुरद धरण्यास लोह उरत नाहीं. म्हणून दोन तळ्यांच्या गाळांत एकूण स्फुरद सारखें असूनहि एकाचें पाणी निर्मळ व दुसऱ्याचें हिरवें असूं शकेल. सावकाराची एकूण संपत्ति किती, यापेक्षां रोकड किती, हें महत्त्वाचें.

याचीं दोन बोलकीं उदाहरणें देतों. अमेरिकेंतील सिअॅटल शहराजवळ वॉशिंग्टन सरोवर आहे. आसपासच्या वस्त्यांचें शुद्ध केलेलें सांडपाणी त्यांत जाई. त्यांतील घाण काढली तरी स्फुरद राहतच असे. १९५५ मध्यें एडमंडसन या प्राध्यापकाच्या मंडळीस तेथें एका उपद्रवी नीलहरित शेवाळाची जात आढळली. त्यानें लोकांना वेळीं सावध केलें. १९५८ मध्यें नागरिकांनीं मतदानानें खर्चाचा भार पत्करिला, आणि १९६३ ते १९६८ या काळांत तें सांडपाणी सरोवरांतून अन्यत्र वळविण्यांत आलें. सर्वांत वाईट काळांत तेथील सेक्कीची तबकडी उन्हाळ्यांत सुमारें एक मीटरवर नाहींशी होई. थोड्याच वर्षांत ती तीन मीटरपर्यंत दिसूं लागली, व पुढें त्याहूनहि खोल. सरोवर खोल होतें, थोड्या वर्षांत त्याचें पाणी बदलत होतें, आणि तळचा प्राणवायु अजून पुरता संपला नव्हता. पेढीचें दार मोडण्यापूर्वींच लोक जागे झाले होते.

दुसरें उदाहरण स्वीडन देशांतील वेक्शो गांवच्या ट्रुमेन तळ्याचें. हें तळें लहान व उथळ. त्यांत पुष्कळ वर्षें गांवचें सांडपाणी व कारखान्याची घाण गेली. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती बंद झाली. परंतु दहा वर्षें वाट पाहूनहि पाणी सुधारलें नाहीं. शेवटीं १९७० व १९७१ या दोन वर्षीं प्रत्येक वेळीं सुमारें अर्धा मीटर, असा एकूण एक मीटर काळा गाळ यंत्रांनीं उपसून काढिला. गाळाबरोबर आलेलें पाणी अॅल्युमिनिअमच्या क्षारानें स्फुरदमुक्त करूनच तळ्यांत परत सोडलें. त्यानंतर मात्र स्फुरद एकदम उतरलें, शेवाळ ओसरलें, आणि लोक पुन्हां त्या पाण्यांत पोहूं लागले. जें वॉशिंग्टन सरोवरानें आपल्या बळानें केलें, तें ट्रुमेनला शस्त्रक्रियेवांचून साधलें नाहीं.

यांत आपला काय संबंध, असें कोणी पालक विचारतील. २०१४ सालच्या ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेंतील टोलीडो शहराच्या सुमारें चार लाखांहून अधिक लोकांना दोन-तीन दिवस नळाचें पाणी पिऊं नये असें सांगावें लागलें. ईरी सरोवरांतील नीलहरित शेवाळाचें विष त्या पाण्यांत उतरलें होतें. तें विष उकळल्यानें जात नाहीं. उलट पाणी आटून तें अधिक दाट होतें. त्या शेवाळाला पोसणाऱ्या स्फुरदाचा मोठा भाग शेतांतील खतांतून नदीवाटे आलेला होता. आपल्याकडे मुंबईजवळ १८९१ मध्यें बांधलेलें पवईचें तळें पिण्याच्या पाण्यासाठींच होतें. आज तेथें जलपर्णी माजते व तें पाणी पिण्यालायक समजलें जात नाहीं. आपल्या देशांतील पुष्कळशीं गांवतळीं उथळ आहेत, ऊन कडक आहे, आणि पहिल्या पावसाबरोबर रस्त्यावरचें शेण, शेतांतलें खत व मोऱ्यांचें पाणी एकदम तळ्यांत उतरतें. म्हणजे वॉशिंग्टनपेक्षां ट्रुमेनशींच त्यांचें नातें अधिक जवळचें आहे.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं उन्हाळ्यांत तळ्याचा गाळ काढून शेतांत टाकण्याची वहिवाट ठेविली होती. आटलेल्या तळ्यांतून बैलगाडीनें वाहिलेला गाळ शेताला खत देई व तळ्याला खोली देई. एका कामांत दोन्हीं कार्यें. महाराष्ट्र शासनानें २०१७ मध्यें हाती घेतलेल्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेच्या मुळाशीं हाच विचार आहे. तळ्यांत जें स्फुरद विष ठरतें, तेंच शेतांत अन्न ठरतें. मात्र शहराच्या व कारखान्यांच्या घाणीचा गाळ तपासल्यावांचून शेतांत टाकूं नये. गढूळ पाण्यांत आपल्या आया तुरटी फिरवितात, तिच्याच जातीचा अॅल्युमिनिअमचा क्षार कांहीं देशांत तळ्यांत टाकून गाळांतील स्फुरद बांधून ठेवितात. परंतु हें काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालींच करावें लागतें, नाहींतर मासे मरावयाचे. आणि नवें स्फुरद येत राहिलें, तर गाळ उपसा कीं तुरटी टाका, सारें फुकट.

तेव्हां त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर असें: बाळ, गटार उद्यां बंद झालें तरी पाणी परवां स्वच्छ होणार नाहीं, कदाचित् दहा वर्षांनींहि होणार नाहीं. कारण तळ्याला स्मरणशक्ति आहे, आणि ती त्याच्या गाळांत आहे. तुझ्या आजोबांच्या वेळीं त्यांत जें टाकलें गेलें, तें तळें अजून विसरलेलें नाहीं. परंतु म्हणूनच गटार आजच बंद केलें पाहिजे. कारण उशिराचा प्रत्येक पावसाळा त्या काळ्या पेढींत आणखी एक ठेव टाकतो, आणि ती व्याजासकट फेडण्याचें काम तुझ्या मुलांवर येतें.

येत्या वर्षापासून नववीचा वर्ग दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं त्या तळ्यावर तबकडी सोडून तिची खोली वहींत लिहून ठेवणार आहे. ज्या पालकांना त्या वेळीं आमच्याबरोबर येतां येईल, त्यांनीं अवश्य यावें. काठी मात्र त्या मुलानेंच आणावयाची, असें वर्गांत एकमतानें ठरलें आहे.